छोट्या जागी नोकरी, बाळंतपणाची रजा: पगार आणि रजेतल्या फोनांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान फार्मसी, बेकरी, क्लिनिक, गेस्ट हाऊस, शॅक, सीएचे ऑफिस अशा गोव्यातल्या लहान जागी काम करणाऱ्या बायकांसाठी आहे, आणि त्यांच्या मालकांसाठीही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. रजेचे आठवडे, ८० दिवसांची अट, पूर्ण पगार हे सगळे तसेच राहिले आहे. त्यामुळे जुन्या कायद्यावरचे न्यायालयांचे निकालही उपयोगी पडतात.

आमच्याकडे माणसेच कमी. कायदा आम्हाला लागू होतो का?

दुकान किंवा इतर आस्थापनेत गेल्या बारा महिन्यांत एखाद्या जरी दिवशी १० किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असतील तर लागू होतो. आज आठ आहेत आणि डिसेंबरच्या गर्दीत बारा होती, तरी लागू. मोजताना फक्त बायका किंवा फक्त कायम नोकर धरायचे नसतात. स्वयंपाकी, हेल्पर, अर्धवेळ हिशेबनीस, सीझनपुरता ठेवलेला वेटर, सगळे धरायचे. कारखान्यांनाही कायदा लागू आहे, पण जागा ‘कारखाना’ ठरण्यासाठीही माणसांची संख्या पाहिली जाते, म्हणून काजू कारखान्यातल्या बाईनेही ती तपासावी.

एकाच जागेची दोन लायसन्से, एक नवऱ्याच्या नावे आणि एक बायकोच्या, म्हणून प्रत्येकी सहा-सात माणसे, हा जुना खेळ आहे. तपासणीत लायसन्साच्या कागदाबरोबर इतर गोष्टीही पाहिल्या जातात: गल्ला एक आहे का, पगार कोण देतो, माणसे इकडून तिकडे फिरतात का. म्हणून बाईने ड्युटीच्या याद्या, कामाच्या ग्रुपवरचे मेसेज, पगार जमा झाल्याची बँकेची नोंद जपून ठेवावी.

खरोखरच दहापेक्षा कमी असलो तर?

मग मालकाने पगारी रजा दिलीच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही. तरी तीन गोष्टी तपासा. एक, नेमणुकीच्या पत्रात रजेचे काही लिहिले आहे का. लिहिले असेल तर तो करार आहे आणि तो पाळावा लागतो. दोन, मालकाने स्वेच्छेने ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, घेतली आहे का (त्याबद्दल पुढे). तीन, सरकारी योजना. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ₹५,००० दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ₹६,००० एकदम. त्यासाठी वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, ई-श्रम कार्ड, बीपीएल कार्ड अशा अटींपैकी एखादी बसावी लागते. फॉर्म अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे. मुलगी झाली तर गोवा सरकारच्या ममता योजनेचेही तिथेच विचारा. ही रक्कम पगाराची जागा घेत नाही, पण सोडूही नये.

मी प्रोबेशनवर आहे, किंवा रोजंदारीवर. मला मिळेल का?

मिळेल. अट एकच: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम. पगारी सुट्ट्याही त्यात मोजल्या जातात. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या मस्टर रोलवरच्या कामगारांच्या प्रकरणात २००० सालीच सांगितले. लग्न झाले आहे की नाही, हे कायदा विचारत नाही. मालकानेही विचारू नये.

सीझनवाल्यांनी इथे नीट पाहावे. शॅकवर ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून जानेवारीपर्यंत सलग काम केलेल्या बाईचे ८० दिवस आठवड्याची सुट्टी सोडूनही भरतात. अडचण येते ती हजेरीची. मस्टर नसतो, पगार रोख, आणि मे महिन्यात शॅक उतरला की कागदही गायब. महिन्यातून एकदा मस्टरचा फोटो काढून ठेवावा आणि पगार बँकेतून किंवा यूपीआयने मागावा. करार मध्येच संपत असेल तर तेवढ्याने हक्क बुडत नाही. कराराची मुदत संपल्यावरही पात्र बाईला पूर्ण मुदतीचा लाभ द्यावा लागतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा डॉ. कविता यादव प्रकरणातला ऑगस्ट २०२३ चा निकाल आहे.

रजा किती आणि तारखा कशा काढायच्या?

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीच्या तारखेआधी. दोन मुले हयात असताना पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे, त्यातले आधी जास्तीत जास्त ६. आधी कमी घेतले तर उरलेले नंतर मिळतात.

समजा डॉक्टरांनी ३० नोव्हेंबर २०२६ तारीख दिली. आठ आठवडे मागे गेलो की ५ ऑक्टोबर. तिथून १८२ दिवस मोजले की रजेचा शेवटचा दिवस ४ एप्रिल २०२७, आणि ५ एप्रिलला कामावर. अर्जात प्रसूतीची, रजा सुरू होण्याची आणि संपण्याची, या तिन्ही तारखा लिहा. नुसते ‘सहा महिने’ लिहिले तर शेवटच्या आठवड्यात वाद होतो. बाळ लवकर आले म्हणून एकूण आठवडे कमी होत नाहीत.

पगार नक्की किती मिळायला हवा?

रजेवर जाण्याआधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांतल्या कामाच्या दिवसांचा सरासरी रोज काढायचा आणि तो रजेच्या दिवसांनी गुणायचा. सरासरी किमान वेतनापेक्षा खाली जाऊ शकत नाही.

हॉटेलात हाऊसकीपिंगला ₹६०० रोजाने काम करणारी बाई धरू. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, ६०० × १८२ = ₹१,०९,२००. पुष्कळ मालक इथे आठवड्याचे सहाच दिवस धरतात: १५६ दिवस, ₹९३,६००. फरक ₹१५,६०० चा. हिशेब मुद्दाम चुकवलेला असतो असे नाही. ‘रविवारी ती येतच नव्हती, मग रविवारचे कशाला’ असा साधा विचार असतो. पण आठवडा म्हणजे रविवार धरून सात दिवस, हे सर्वोच्च न्यायालयाने बी. शाह प्रकरणात १९७७ सालीच स्पष्ट केले आहे.

मासिक पगारवालीच्या बाबतीत वेगळी भानगड असते. ₹१८,००० पगार, त्यात बेसिक ₹७,००० आणि बाकी ₹११,००० निरनिराळे भत्ते, मग मालक म्हणतो की बेसिकवरच देणार. संहितेत वेतनाच्या व्याख्येबाहेर ठेवलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त असू शकत नाहीत, वरचे वेतनातच धरावे लागतात. म्हणजे इथे वेतन निदान ₹९,००० धरावे लागेल, आणि किमान वेतनाचा आकडा त्याहून वर असेल तर तो. ही कसरत टाळून नेहमीचा पूर्ण पगार देणारे मालक खूप आहेत, आणि तसे करायला कायद्याची आडकाठी नाही.

मोफत तपासण्या आणि औषधोपचाराची सोय मालक करत नसेल तर वर ₹३,५०० वैद्यकीय बोनस द्यायचा असतो. हा कुणी आपणहून देत नाही. मागावा लागतो.

पैसे केव्हा यायला हवेत? मालक म्हणतो, परत आल्यावर एकदम देतो.

उलटे आहे. प्रसूतीआधीच्या काळाची रक्कम गर्भारपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यायची. उरलेली, प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. वरच्या उदाहरणात आधी ५६ दिवसांचे ₹३३,६०० आणि बाळ झाल्यावर १२६ दिवसांचे ₹७५,६००. डिस्चार्ज कार्डाची प्रत पुरावा म्हणून चालते; जन्मदाखल्याची वाट पाहायला नको. दाखल्यासाठी जन्माची नोंद मात्र २१ दिवसांच्या आत झाली आहे ना, ते पाहून घ्या.

लहान मालकाला एका दमात इतके पैसे काढणे जड जाते, हेही खरे. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार देण्यावर दोघे राजी असतील तर तारखा आणि रकमा कागदावर उतरवून दोघांनी सही करावी. ‘परत आलीस की देतो’ याला मात्र राजी होऊ नका. ती रक्कम बाईला बांधून ठेवायची दोरी होते. आणि बँकेच्या नोंदीत ‘अ‍ॅडव्हान्स’ किंवा ‘लोन’ असे लिहू देऊ नका. नंतर तेच पगारातून कापले जाते.

ईएसआय असेल तर काय बदलते?

जवळजवळ सगळे, आणि बहुतेक चांगल्यासाठी. दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत ₹२१,००० पर्यंत मासिक वेतन असलेल्यांना ईएसआय लागू असते. मग बाळंतपणाचा पूर्ण रोज, तेवढेच आठवडे, महामंडळ देते, मालक नाही.

अट वेगळी आहे: लागोपाठच्या दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी देय असावी. काळ ठरलेले आहेत. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये. पुष्कळ जणी इथेच अडकतात. मे २०२६ मध्ये पहिल्यांदा ईएसआयमध्ये आलेल्या बाईची प्रसूती नोव्हेंबर २०२६ ला असेल तर तिचे काळ एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ असे धरले जातात, आणि त्यात तिची वर्गणीच नाही. नोकरी बदलली असेल तर जुन्या मालकाकडची वर्गणी मोजली जाते, म्हणून नवीन विमा क्रमांक काढू देऊ नका. जुनाच चालू ठेवा.

‘देय’ हा शब्दही कामाचा आहे. पगारातून कापून घेतले आणि मालकाने भरलेच नाही, तर तो गुन्हा मालकाचा. पगाराच्या स्लिपा असतील तर दावा उभा राहतो. गर्भारपण कळताच आपल्या विमा क्रमांकाने पोर्टलवर जाऊन महिन्यागणिक दिवस तपासा. २६ दिवस काम आणि भरलेले १२, असे हमखास सापडते. तेव्हाच दुरुस्त होते. बाळ हातात आल्यावर पणजीत पाटोच्या ईएसआय कार्यालयात खेपा घालण्याचे त्राण नसते. दावा ऑनलाइनही करता येतो. खात्याचे नाव आणि आधारवरचे नाव (लग्नाआधीचे, नंतरचे) जुळते का, ते आधी पाहा.

मी मालक आहे. घरी बसलेल्या बाईला सहा महिने पगार आणि बदलीवालीला वेगळा, हे मला परवडणार कसे?

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर ईएसआयमध्येच आहे. ₹१८,००० वेतनावर मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे महिना ₹५८५, बाईचे ०.७५ टक्के म्हणजे ₹१३५. या ₹७२० मुळे लाखाच्या वरचा भार तुमच्या गल्ल्यावरून उतरतो, आणि मडगावच्या ईएसआय इस्पितळातले उपचार सगळ्या घराला मिळतात. दहापेक्षा कमी माणसे असली तरी बहुसंख्य नोकरांच्या संमतीने स्वेच्छेने त्यात जाता येते. बाई गरोदर आहे असे कळल्यावर धावपळ करून उपयोग नाही. वर सांगितलेल्या काळांमुळे आज भरलेल्या वर्गणीचा लाभ काही महिन्यांनी सुरू होतो. पगार ₹२१,००० च्या वर असलेल्या बाईचा भार मात्र मालकावरच राहतो.

मालकाला केव्हा आणि कसे सांगावे?

कायद्यात महिना ठरलेला नाही. तिसरा महिना उलटला की तोंडी, आणि रजेआधी निदान दोन महिने लेखी, हे दोघांना सोयीचे पडते. नोटीस द्यायची राहिली आणि बाळ लवकर आले तर प्रसूतीनंतरही देता येते. तेवढ्यावरून हक्क जात नाही. अर्ज लांबलचक नको:

‘मा. मालक, माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख ३० नोव्हेंबर २०२६ आहे. मी ५ ऑक्टोबर २०२६ ते ४ एप्रिल २०२७ बाळंतपणाच्या रजेवर असेन. या काळात मी दुसरीकडे नोकरी करणार नाही. रजेची रक्कम माझ्या नेहमीच्या बँक खात्यात जमा करावी. माझ्या पश्चात रक्कम घेण्यासाठी नाव: ______. सोबत डॉक्टरांचा दाखला.’

दोन प्रती काढा. एकीवर सही, तारीख आणि शिक्का घेऊन घरी ठेवा. पात्रांव (मालक) सही द्यायला टाळत असतील तर तोच अर्ज ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. भांडणाचा सूर नको. ‘माझ्या फाइलला लागतो’ एवढे पुरते.

दिवसभर काउंटरवर उभे राहावे लागते. बसून काम मागता येते का?

येते. अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्याही मागचा एक महिना, एवढ्या काळात बाईने सांगितले तर जड काम किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. ३० नोव्हेंबर तारीख असेल तर हा काळ १९ सप्टेंबरपासून. त्याबद्दल पगार कापता येत नाही. एक उंच स्टूल आणि गोण्या उचलायला दुसरा माणूस, एवढ्याने भागते.

रजेवर जाण्याआधी काय काय सोपवून जावे?

रजेत येणारे दहापैकी आठ फोन एका गोष्टीचे असतात: ओटीपी. जीएसटी, ईएसआय, बँक, हॉटेल बुकिंगच्या साइटी यांना हिशेबनीस किंवा रिसेप्शनिस्ट बाईचाच मोबाइल जोडलेला असतो, कारण सुरुवातीला तीच बसून सगळे भरते. मग दर महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीआर-३बी (जीएसटीचे विवरणपत्र) भरायच्या वेळी, बाळंतिणीला फोन. रजेच्या महिनाभर आधी हे सगळे नंबर बदलून मालकाचा किंवा दुकानाचा नंबर लावा. बँकेत नंबर बदलायला वेळ जातो, तेव्हा सुरुवात तिथून. पासवर्ड वहीत लिहून वही मालकाच्या ताब्यात द्या, व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

गेस्ट हाऊसवाल्यांनी फॉर्म सी विसरू नये. परदेशी पाहुणा आल्यापासून २४ तासांत तो भरावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तो फक्त एकाच बाईला येतो. बदलीवालीकडून तिच्यासमोर निदान पाच-सहा फॉर्म भरून घ्यावेत. पासपोर्टवरचे नाव आणि व्हिसाचा क्रमांक यांत चुका होतात, त्या हाताने भरल्याशिवाय कळत नाहीत.

बाकी: पार्ट्यांची येणी-देणी, चालू ऑर्डरी, चाव्या कुणाकडे, कुठला सप्लायर उधारीवर देतो आणि कुठला नाही. एका कागदावर, तारीख घालून, दोघांच्या सहीने. हा कागद असला की ‘तू काही सांगूनच गेली नाहीस’ असे म्हणता येत नाही.

रजेत मालक फोन करू शकतो का? मी उचललाच पाहिजे का?

फोन करायला बंदी नाही. उचलण्याचे बंधनही नाही. बंदी आहे ती कामाला. प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे मालकाने जाणूनबुजून काम देता कामा नये, बाई राजी असली तरी. फाइल कुठल्या कपाटात आहे हे विचारणे वेगळे आणि ‘तेवढे बिल टाकून दे’ म्हणणे वेगळे. बारशाला या, चवथीच्या शुभेच्छा द्या, त्याला कोण नको म्हणेल.

आधीच ठरवून ठेवलेले बरे: पहिले सहा आठवडे काही नाही. त्यानंतर गरजच पडली तर एकच माणूस, व्हॉट्सॲपवर लेखी, आठवड्यातून एकदा. उत्तर जमेल तेव्हा. कामाचा ग्रुप म्यूट करण्यापेक्षा ‘रजेवर आहे, ५ एप्रिलला परत येईन’ असे लिहून बाहेर पडणे बरे. ग्रुपवर मेसेज वाचल्याच्या खुणा दिसतात आणि मग ‘बघितलेस ना, मग सांगायचे’ सुरू होते. फोन वारंवार येऊ लागले तर इतके पाठवा: ‘सर, मी रजेवर आहे. ही माहिती सोपवल्याच्या कागदावर आहे. बाकी ५ एप्रिलला पाहू.’ चढ्या आवाजातल्या फोनला मेसेजने उत्तर द्यावे. नोंद राहते.

‘बाळ झोपलं की तासभर घरून करून दे, वेगळे पैसे देतो.’ चालेल?

पगारी रजा चालू असताना मोबदला घेऊन काम केले, स्वतःच्या मालकाकडे किंवा दुसरीकडे, की त्या दिवसांचा लाभ जातो. ईएसआयकडून पैसे घेताना तर आपण काम केले नाही असे लिहून दिलेले असते. मोबदला न घेता केले तर ते फुकटचे काम. दोन्हींत बाईचाच तोटा, आणि ₹५०० साठी ₹६०० घालवण्यात मतलब नाही. घरून काम करण्याची तरतूद आहे, पण रजा संपल्यानंतर, कामाचे स्वरूप तसे असेल तर, आणि दोघांच्या संमतीने. रजा लवकर संपवायची असेल तर सहा आठवड्यांनंतर तसे लेखी देऊन रुजू व्हावे.

गर्भपात झाला तर?

डॉक्टरांच्या दाखल्यावर सहा आठवडे पगारी रजा. गर्भारपणातून किंवा बाळंतपणातून आजारपण आले तर आणखी एक महिना. दाखल्यावर तारीख आणि निदान स्पष्ट लिहून घ्या. मालकाने अधिक तपशील विचारू नयेत.

रजेवर असताना काढून टाकले, किंवा राजीनामा मागितला तर?

रजेमुळे, रजेच्या काळात काढणे बेकायदेशीर आहे. रजेत संपेल अशी नोटीसही देता येत नाही, पगार किंवा पद खाली आणता येत नाही. गरोदरपणात काढून लाभ चुकवणेही चालत नाही. काढल्याचे कळल्यापासून ६० दिवसांत दाद मागावी लागते. अनुभव असा की मालक सरळ काढत नाहीत, ‘सध्या राजीनामा दे, मग परत घेतो’ म्हणतात. राजीनाम्यावर सही झाली की केस अर्धी जाते. कोऱ्या कागदावर तर नाहीच.

परत रुजू होताना काय पाहावे?

तेच काम, तोच पगार. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दूध पाजायला दिवसातून दोनदा वेळ. घर लांब असेल तर दोन्ही वेळा जोडून लवकर जाण्याची मुभा आपसात ठरवता येते. बोनस काढताना पगारी बाळंतपणाच्या रजेचे दिवस कामाचे धरतात, तेव्हा त्या वर्षीचा बोनस कापू देऊ नका. ग्रॅच्युइटीसाठीही २६ आठवडे सलग सेवेत मोजले जातात. पाळणाघराची सक्ती ५० माणसांपासून पुढे, लहान जागी नाही.

तक्रार कुठे करायची?

दुकान, हॉटेल, ऑफिस असेल तर कामगार आयुक्तालय, श्रमशक्ती भवन, पाटो, पणजी. कारखाना असेल तर पणजीतच अल्तिनोचे कारखाने व बाष्पके निरीक्षणालय. ईएसआयचा दावा अडला तर पाटोचेच ईएसआय कार्यालय. साध्या कागदावर अर्ज चालतो, वकील लागत नाही. सोबत अर्जाची शिक्का मारलेली प्रत, दाखला, डिस्चार्ज कार्ड, तीन महिन्यांच्या स्लिपा किंवा बँक पासबुकाची पाने आणि आपला हिशेब: रोज × दिवस, मिळाले किती, बाकी किती. निरीक्षक चौकशी करून रक्कम देण्याचा आदेश काढू शकतो. त्या आदेशावर अपिलाला ३० दिवस असतात. आकडा न लिहिलेली तक्रार ‘तपशील द्या’ म्हणून परत येते. अंगावरचे बाळ घेऊन जाणे शक्य नसेल तर सहीचे अधिकारपत्र देऊन घरच्या कुणालातरी पाठवा, आणि आवक क्रमांक त्याच दिवशी लिहून आणायला सांगा.